डेली कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायच्या का मंथली?
मी चार वर्षं मंथली वापरल्या आणि आता सहा महिने झाले डेलीवर आलोय. मंथली खिशाला परवडतात हे खरंय, पण रोज रात्री हात धुऊन कोरडे करा, लेन्स तळहातावर घेऊन बोटानं हलकी चोळा, लेन्सच्या डबीतलं जुनं सोल्युशन ओतून नवीन भरा, आणि दमून घरी आल्यावर नेमका इथंच कंटाळा होतो. नळाचं पाणी तर अजिबात लावायचं नाही, त्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचं इन्फेक्शन झालं तर नजरच जाऊ शकते. महिना म्हणजे पाकीट फोडल्यापासून 30 दिवस, किती वेळा घातली ते मोजायचं नाही.

डेली रात्री काढली की टाकून द्यायची. मागं घरी चटणीच्या मिरच्यांची देठं काढली, दोनदा साबण लावला तरी लेन्स काढताना डोळ्यातनं नुसतं पाणी, मंथली असती तर तीच सकाळी परत घालायची होती. पैसे जास्त जातात, ते आहेच. रोज घालणार आणि शिस्त असेल तर मंथली चालेल, पण लग्नाबिग्नापुरत्या किंवा आठवड्यातनं दोनदा हव्या असतील तर डेलीच घ्या. झोपताना दोन्ही काढायच्याच, दुपारची डुलकी असली तरी.