रोल-टॉप पॅनियर आणि ड्राय बॅग: पावसाळाभर वापरल्यानंतर

सायकलच्या मागच्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या रोल-टॉप पॅनियरची (तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगांची) जोडी आणि त्यांच्यावर आडवी बांधायची एक ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न जाणारी पिशवी, असा संच मी जूनपासून वापरतो आहे. रोजच्या ऑफिसच्या वाटेवर आणि अलिबाग ते गुहागर या किनारी रस्त्यावरही त्याने पाऊस पुरेपूर खाल्ला आहे. कापड पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर असून सांधे शिवण्याऐवजी उष्णतेने जोडलेले आहेत, त्यामुळे गळतीबद्दल तक्रारीला जागा नाही. मात्र तोंडाची पट्टी निदान तीन वेळा गुंडाळली गेलीच पाहिजे; दोनच वळसे बसतील इतकी बॅग ठासून भरली, तर ती वॉटरप्रूफ आहे असे मानू नये.

माझ्या मते अशा बॅगेचे आयुष्य कापडापेक्षा बांधणीवर अवलंबून असते. हलणाऱ्या बॅगेची पाठ आणि कॅरियरची नळी यांच्या मधोमध लाल मातीचे कण अडकतात आणि लेप हळूहळू खरवडून काढतात. म्हणून वरच्या हुकांत नळीच्या जाडीप्रमाणे बसवायचे प्लास्टिकचे तुकडे अजिबात टाळू नयेत. बॅग अडकवल्यावर ती हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावी. खडखड आवाज आला तर खालचा हुक सरकवून पुन्हा घट्ट करावा. तसे करताना बॅग फार पुढे आली, तर पॅडल मारताना टाच तिला लागते, हेही पाहून घ्यावे.

ड्राय बॅगेसाठी दोन्ही टोकांना लोखंडी हुक असलेली, दुकानोदुकानी मिळणारी रबरी दोरी मी वापरत नाही. ती प्रत्येक खड्ड्यात ताणली जाते आणि हुक निसटून चाकात गेला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. बकलचे दोन स्वतंत्र पट्टे, कॅरियरच्या नळीखालून घेऊन, बॅगेच्या दोन टोकांजवळ आवळणे हेच योग्य. पट्टे पॉलिस्टरचे असावेत, कारण नायलॉन भिजल्यावर लांबते आणि सकाळी घट्ट असलेला पट्टा दुपारच्या सरीत सैल पडतो. गुंडाळण्याआधी बॅगेतली हवा दाबून काढावी, नाहीतर ती वाटेत निघत जाते आणि बांधणी ढिली होते. पट्ट्याचे उरलेले टोक खोचून ठेवावे.

वेसवी–बागमांडले आणि दाभोळ–धोपावे या फेरीबोटींच्या लोखंडी उतारावर चढता-उतरताना सायकल चांगलीच दणके खाते, म्हणून पलीकडे पोहोचताच पट्ट्यांबरोबर कॅरियरचे बोल्टही तपासावेत. हे बहुधा एम-५ (५ मिमी व्यासाच्या) मापाचे असतात आणि आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावल्यास सहसा सैल होत नाहीत. खाऱ्या हवेतून परतल्यावर हुक आणि बकल साध्या पाण्याने धुतले की खटका अडत नाही.

उजव्या पॅनियरचा खालचा कोपरा मात्र निस्तेज झाला आहे, तिथे मी बाहेरून ठिगळ लावले आहे. हुकांतले सुटे तुकडे आमच्या भागातल्या दुकानांत मिळत नाहीत, तेव्हा जोडी घेतानाच एक जास्तीचा संच मागून घ्यावा.