उत्सवात राजकीय पत्रकं: स्टॉलवरून की हातोहात?

अमेरिकेत रस्त्यावरच्या उत्सवात राजकीय म्हणणं मांडायचं तर दोन वाटा: पैसे भरून स्टॉल घ्या, नाहीतर गर्दीत फिरून पत्रकं वाटा.

स्टॉलवर टेबल, बॅनर, सावली मिळते. पण ज्याला आधीच रस आहे तोच थांबतो, आणि आयोजकांच्या अटी पाळाव्या लागतात त्या वेगळ्याच.

हातोहात देण्याची ताकद निराळी. समोरचा क्षणभर थबकतो, मथळा वाचतो, कागद घेतो किंवा मान हलवून पुढे जातो. त्या क्षणात संवाद घडतो. असं फिरून वाटण्याचा हक्क मात्र जागेवर अवलंबून असतो. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटाच्या राज्य जत्रेतला ‘वाटप ठरलेल्या स्टॉलवरूनच’ हा नियम उचलून धरला. जत्रेचं मैदान म्हणजे शहरातला रस्ता नव्हे, असं न्यायालय म्हणालं. (फिरून तोंडी बोलायला तिथेही मुभा होती, हे बरेचजण विसरतात.) उलट मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न शहराच्या अरब उत्सवात फुटपाथवर पत्रकं वाटायला घातलेली बंदी २०११ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली. प्रवेश फुकट होता, फुटपाथवर लोकांची ये-जा चालूच होती.

म्हणून कुंपण आणि तिकीट असेल तर स्टॉल घ्यावा. खुल्या फुटपाथवर मी पत्रकंच निवडेन, आणि कुणी हटकलं तर शांतपणे लेखी नियम मागेन.