घर बदलताना स्केल मॉडेलं: बबल रॅप, फोम की फळीला बांधून?

पहिल्यांदा घर बदललं तेव्हा माझ्या मिग-21 ची नाकावरची पिटो ट्यूब मोडली. 1:48 चं मॉडेल, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, शेपटीपासून नाकापर्यंत फूटभर, आणि त्याच्याही पुढे आलेली ही वेग मोजायची, काडेपेटीतल्या काडीहून बारीक नळी. डोंबिवलीहून ठाण्याला येताना टेम्पोत तिला काहीही झालं नव्हतं. नव्या घरी बबल रॅपचा शेवटचा वेढा सोडताना रॅपची कड नळीत अडकली आणि टक् असा आवाज आला.

त्यानंतर मी आणखी दोनदा घर हलवलं, आधी नाशिकला आणि मागच्या मे महिन्यात नागपूरला. तिन्ही वेळा पद्धत वेगळी होती. तुमच्याकडे पाच-दहा किंवा चाळीस-पन्नास मॉडेलं असतील आणि ती कशी न्यायची हे ठरत नसेल, तर हा अनुभव कामी यावा. माझ्या हातून जेवढी मोडतोड झाली त्यातली बहुतेक रस्त्यात झालेली नाही, ती बांधताना आणि सोडताना झाली. म्हणून प्रत्येक पद्धतीला मी एकच प्रश्न विचारते: मॉडेल बाहेर काढताना माझा हात कुठे लागणार?

बबल रॅप

स्वस्त, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो, आणि तासाभरात कपाट रिकामं होतं. सगळ्यांचा हात आधी त्याच्याकडेच जातो. पण काचेच्या पेल्यासाठी जे चांगलं ते मॉडेलसाठी चांगलं असेलच असं नाही. पेला सगळीकडून सारखा मजबूत असतो. विमानाचं पोट आणि पंखांची मुळं मजबूत असतात, तर अँटेना, चाकांचे दांडे, मिसाइलचे पंख अगदी नाजूक. रॅप गुंडाळला की दाब सगळीकडे सारखाच पडतो आणि जे नाजूक ते आधी जातं.

दुसरा त्रास रंगाचा. इनॅमल रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला बरेच दिवस घेतो. अशा रंगावर उन्हाळ्यात रॅप घट्ट बसला तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात, आणि ते पुसून जात नाहीत. रॅप वापरायचाच असेल तर फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा आणि मॉडेलला आधी पातळ, गुळगुळीत पॉलिथीन लावा. ड्रायक्लीनिंगच्या कपड्यांवर येतं तसलं चालतं.

माझ्या मते बबल रॅपची खरी जागा खोक्याच्या बाहेर आहे. आतलं खोकं आणि बाहेरचं खोकं यांच्यामध्ये चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर भरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

कापसाबद्दलही इथेच सांगते, कारण घरातली मोठी माणसं हमखास कापूस आणून देतात. तो नको. त्याचे तंतू फोटो-एचच्या, म्हणजे रसायनानं कोरलेल्या, बारीक पत्र्यांत आणि तारांत अडकतात आणि काढताना भाग घेऊनच निघतात. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या रंगावर उतरते. साधा टिश्यू पेपर या दोन्हींपेक्षा बरा.

फोममध्ये कोरलेला साचा

नाशिकला जाताना मी हे केलं. पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात पांढऱ्या ईपीई फोमच्या जाड शीट मिळतात. मॉडेलचा आकार कागदावर काढायचा, कटरनं थरांमध्ये कोरायचा, थर एकावर एक ठेवून खोक्यात बसवायचे. कोरताना अंगाला फोम टेकेल पण टोकांना टेकणार नाही एवढी मोकळी जागा सोडायची, कौशल्य तेवढंच. माझ्या 1:72 च्या स्पिटफायरचा पंखविस्तार साडेपंधरा सेंटिमीटर. त्याला मी अठरा सेंटिमीटरची खाच ठेवली आणि आधार फक्त पंखांच्या मुळाशी दिला. ते जसं ठेवलं तसं निघालं.

पण एका विमानाला अडीच तास गेले. चाळीस मॉडेलं असतील तर घर बदलायच्या धामधुमीत हे जमणार नाही. जे मॉडेल वारंवार प्रदर्शनाला न्यायचं आहे त्याच्यासाठी मात्र हा साचा एकदा करून ठेवावाच, तो वर्षानुवर्षं पुरतो. गादीचा पिवळा स्पंज यासाठी वापरू नका. काही वर्षांनी तो चिकट होतो, भुगा होतो आणि रंगाला धरतो. थर्मोकोल कापला की त्याचे मणी स्थिर विजेमुळे कॉकपिटमध्ये शिरून बसतात. मी ते रंगवायच्या ब्रशनं एकेक करून काढले आहेत.

फळीला बांधून

नागपूरला मी सगळी विमानं अशीच आणली आणि आता दुसरी पद्धत वापरायची इच्छा नाही.

खोक्याच्या तळाच्या मापाची पाच मिलिमीटर सनबोर्डची फळी कापायची, म्हणजे ती आत सरकत नाही. आर्किटेक्चरची मुलं वापरतात तोच सनबोर्ड. फळीवर फोमचे दोन ठोकळे चिकटवायचे, एक पंखांच्या मुळाखाली येईल असा आणि दुसरा शेपटीच्या पुढे. ठोकळ्यांची उंची एवढी ठेवायची की विमान त्यांवर ठेवल्यावर चाकं फळीपासून तीन-चार मिलिमीटर वर राहतील. सगळ्यात महत्त्वाचं हेच. उभ्या विमानाचं वजन चाकांच्या दांड्यांवर येतं, आणि खड्ड्यात आदळलं की पहिला दांडा जातो. चाकं अधांतरी असली की धक्का पोटाला बसतो, आणि पोट तो सहज सोसतं.

मग ठोकळ्यांच्या दोन्ही बाजूंना फळीला भोकं पाडायची आणि परकराची सुती नाडी अंगावरून घेऊन खालून सुरगाठ मारायची. नाडी चपटी असते म्हणून रुतत नाही. दोरा किंवा सुतळी रुतते. नाडीखाली टिश्यूची दुहेरी घडी ठेवावी. घट्ट किती? बोटानं हलकं ढकलल्यावर विमान सरकू नये, पण नाडीखाली नख शिरावं, इतकी. पिटो ट्यूबवर सरबताच्या स्ट्रॉचा तुकडा सरकवायचा आणि त्याचं मागचं टोक नाकावर टेपनं अलगद धरायचं. शेवटी फळीच्या दोन कडांना कापडी पट्टीची हँडलं लावायची. ती धरून फळी खोक्यात उतरवायची आणि तशीच वर काढायची. म्हणजे उतरवण्यापासून काढण्यापर्यंत मॉडेलला हात लागतच नाही.

पहिल्या विमानाला पाऊण तास लागला, सहाव्यापर्यंत वीस मिनिटांवर आले. खर्च फोमइतकाच. उणीव एकच: जागा जास्त लागते, कारण एका खोक्यात एकच थर बसतो.

जहाजांना ही पद्धत अधिकच सोपी पडते. त्यांचा स्टँड बहुतेक वेळा स्क्रूनं बसवलेला असतो, तोच फळीवर कसायचा. टायटॅनिक 269 मीटरचं, म्हणजे 1:400 मध्ये 67 सेंटिमीटर. एवढं लांब खोकं तयार मिळत नाही, दोन जोडावी लागतात. रिगिंगला, म्हणजे डोलकाठ्यांच्या बारीक दोऱ्यांना, काहीही टेकू द्यायचं नाही.

रणगाड्यांवर मात्र एवढी मेहनत घेऊ नका. 1:35 चा रणगाडा दणकट असतो. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, फिरवून उचला, वेगळा टिश्यूत ठेवा, अँटेना निघत असेल तर काढा, खालचा भाग टिश्यूच्या घरट्यात बसवा, झालं. धातूच्या डायकास्ट गाड्या आणि 1:87 च्या रेल्वे त्यांच्या मूळ खोक्यांतच सगळ्यात सुरक्षित. ती खोकी फेकली नसतील तर निम्मं काम झालं.

कोण नेणार?

मूव्हर्सचा ट्रक सोयीचा, पण त्यात आपलं खोकं कशाखाली जाईल ते आपल्या हातात नसतं. नाशिकच्या वेळी मूव्हर्सचा मुलगा म्हणाला, "ताई, हलकं आहे ना, मग सगळ्यात वर ठेवतो." वर ठेवलेलं खोकं ट्रकच्या टपाखाली सगळ्यात जास्त तापतं आणि पहिल्या ब्रेकला खाली येतं. मी त्याला म्हटलं, "दादा, हे माझ्या सीटवर येणार." शिवाय आपण स्वतः बांधलेल्या खोक्यांतल्या नुकसानीची भरपाई बऱ्याचदा मिळत नाही, विम्याची अट सही करण्याआधी वाचून घ्या.

स्वतःची गाडी असेल तर विचार करू नका. खोकी मागच्या सीटवर आणि सीटखालच्या जागेत ठेवा, डिकीत नको. उन्हाळ्यात मात्र गाडी जेवायला थांबवून बंद करून ठेवू नका. उन्हातल्या बंद गाडीत डॅशबोर्डपाशी 60 अंशांवर तापमान सहज जातं. साधं पॉलिस्टायरीन ते सोसतं, त्याचं मऊ होणं 90 ते 100 अंशांच्या आसपास. पण पीएलए प्लॅस्टिकचे थ्रीडी प्रिंट केलेले भाग 60 लाच मऊ पडतात, आणि रेझिनचे बारीक दांडे वाकतात. मे महिन्यात समृद्धीवर आम्ही पाळीपाळीनं जेवलो, एकजण कायम एसी चालू ठेवून गाडीत.

गाडी नसेल तर माझी पसंती रेल्वेला. थर्ड एसीत 40 किलो सामान मोफत नेता येतं, पण त्या डब्यात 55 बाय 45 बाय 22.5 सेंटिमीटरपर्यंतचीच पेटी चालते. टायटॅनिकची लांबी त्यात बसत नाही. लोअर बर्थ घ्या आणि खोकं बर्थखाली भिंतीकडे सरकवून ठेवा. विमानात हातातली बॅग साधारण 7 किलो आणि 55 बाय 35 बाय 25 ची. 1:72 ची दोन-तीन विमानं फळीसकट तिच्यात मावतात. चेक-इनमध्ये मॉडेल कधीच देऊ नका. कुरियरचा पर्याय मी एखाद-दुसऱ्या रणगाड्यापुरताच धरते.

रंग, थिनर आणि सुपरग्लू यांना या प्रवासात जागा नाही. ज्वलनशील सामान विमानात नेता येत नाही, आणि रेल्वेत नेलं तर रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निघण्याआधी ओळखीच्या एखाद्या मॉडेलरला देऊन टाका.

सगळी मॉडेलं एकाच मापानं मोजू नका. मी यादी केली तेव्हा 34 पैकी फक्त 11 खरोखर नाजूक निघाली. ती फळीवर बांधून माझ्याबरोबर आली आणि उरलेली टिश्यूत घालून ट्रकनं गेली. ज्या मॉडेलची चाकं, अँटेना किंवा रिगिंग सुपरग्लूनं जोडलेलं आहे ते डोळे मिटून नाजूक धरा, कारण सुपरग्लू आडवा झटका सोसत नाही. सॉल्व्हंट सिमेंटचा जोड प्लॅस्टिकच विरघळवून एक करतो, तो टिकतो. बांधण्याआधी प्रत्येकाचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि खोक्यात नावाची एक झिपची पिशवी ठेवा, सुटलेला तुकडा लगेच तिच्यात जाईल.

पोचल्यावर त्याच दिवशी उघडू नका. नागपूरला खोकी दोन दिवस बेडरूममध्ये तशीच ठेवली, कपाट भिंतीला लागलं, घरातली धावपळ थांबली, मग उघडली. हँडलं धरून फळी वर घेतली, टेबलावर ठेवली, खालच्या सुरगाठी सोडल्या, आणि सगळ्यात शेवटी पिटो ट्यूबवरची टेप सोडवून स्ट्रॉ सरळ पुढे ओढून काढली. ती नळी म्हणजे ठाण्यातल्या मोडीनंतर इंजेक्शनच्या सुईची केलेली, आणि तिच्यावर ओरखडाही नव्हता.