ठासणीची की काडतुसाची?

गुहागरच्या मामेभावाला शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करायचाय, आणि दुकानातल्या दोन जुन्या बंदुकांत त्याचं मन अडकलंय: एक ठासणीची, दुसरी १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) काडतुसाची एकनळी.

किमतीला ठासणीची हलकी. १९५९च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी तिचा वेगळा उल्लेख आहे. पण खटाटोप बघा: दारू, चिंध्या, छरे गजाने ठासा, वर ठिणगी पाडणारी टोपी चढवा, तोवर वानर नारळ टाकून पसार! पावसाळ्यात दारू सर्दावते ती वेगळीच. बार काढल्यावर नळीत राहिलेली काजळी ओल ओढून घेते. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन, सुकवून तेल दिलं नाही, तर आपल्या खाऱ्या हवेत गंज चढलाच.

एकनळीला हा व्याप कमी, पण दर बाराला काडतुसाचे पैसे. घेण्याआधी ती सांध्यात मोडून, म्हणजे उघडून, रिकामी असल्याची खात्री करून, नळी उजेडाकडे धरायची. आत खड्डे दिसले किंवा मिटल्यावर सांधा खुळखुळला, तर परत ठेवायची. दस्त्याच्या पॉलिशला भुलू नये.

वर्षाकाठी चार बार काढून डुकरं-वानरं हुसकायची (मारायला वनखात्याची परवानगी लागते), तर ठासणीची पुरे. रोज रात्री जागलीला बसणाऱ्याने एकनळीच घ्यावी. निवडणूक आली की बहुधा दोन्ही पोलीस ठाण्यात जमा!