संसदेचे डिजिटल ग्रंथालय: ना. म. जोशी वाचायचे असतील तर

कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गोरेगावात 1879 मध्ये जन्मलेले कामगार नेते ना. म. जोशी काही वर्षे शाळामास्तर होते. 1909 मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि 1920 मध्ये आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे होते. ब्रिटिश काळातल्या केंद्रीय विधिमंडळात ते कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी होते. तिथली त्यांची भाषणे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतात, हा या सेवेचा खरा फायदा.

शोध मात्र नावाने सुरू करू नका. जुन्या छपाईच्या स्कॅनमध्ये यंत्राची अक्षरओळख चुकते आणि 'जोशी' भलतेच काही होऊन बसते. आधी साल ठरवा. मग जुन्या चर्चांच्या विभागात त्या सालचे अधिवेशन उघडा: हिवाळ्यातले दिल्लीचे, नंतरचे बहुधा सिमल्याचे. सुरुवात मार्च 1921 पासून करावी. युनियनच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा आणा, हा त्यांचा ठराव तिथे भेटतो. कायदा झाला 1926 मध्ये. पुढे 1924 चे प्रसूती-लाभाचे विधेयक पाहा. ते फेटाळले गेले, पण मालकधार्जिण्या सभासदांना जोशी कशी उत्तरे देतात हे मुळातूनच वाचावे.

फाइली जड आहेत; मोबाइलवर उघडत बसण्यापेक्षा संगणकावर उतरवून घ्या. मजकूर इंग्रजी, मराठी अनुवाद नाही. सभागृहाबाहेरचे जोशी, म्हणजे 1911 ची सोशल सर्व्हिस लीग ही त्यांची समाजसेवी संस्था किंवा गिरणगावातले काम, इथे फारसे सापडणार नाहीत.

अभ्यासकांना पाचपैकी चार तारे, नुसत्या चरित्रवाचकांना दोनच.