जुना लॅपटॉप की तयार स्ट्रीमर?

घरातल्या सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलींमध्ये, उतरवून झाल्या. आता त्या ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवायच्या कशा?

तयार स्ट्रीमर म्हणजे अशा फाइली ॲम्प्लिफायरवर वाजवणारं छोटं उपकरण. त्याचं सुख म्हणजे तो घरात कुणालाही लावता येतो. फोन उघडला, गाणं निवडलं, झालं. पंख्याची घरघर नाही, ऐन विलंबितात रीस्टार्ट मागणारा संगणक नाही. आईबाबांच्या घरी मी डोळे मिटून हाच ठेवेन.

माझा जीव मात्र संगणकात अडकलाय, आणि त्याला कारण आपलं शास्त्रीय संगीत. राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे सगळं मला हवं तसं टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या माहितीत, भरता येतं. परवा ‘मारवा’ शोधला, तर सात ध्वनिमुद्रणं एका रांगेत समोर आली! स्ट्रीमरची बरीचशी ॲप कलाकार आणि अल्बम यांच्यापुढे जातच नाहीत.

आवाजाचं म्हणाल, तर डीएसी (डिजिटल फाइलचं आवाजाच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) तोच असेल आणि फाइल बदल न होता जात असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झची सीडी दोन्हींकडून सारखीच वाजते.

आणखी एक. लॉजिटेकने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स हे आपले स्ट्रीमर बंद केले, पण त्यांना गाणी पुरवणारा सर्व्हर प्रोग्रॅम मुक्त स्रोत असल्यामुळे ‘लिरियन’ नावाने आजही रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालतो. हार्डडिस्कची दुसरी प्रत तेवढी आजच काढून ठेवा.