सिव्हिलची डिग्री: सोळा महिने साइटवर वापरून झाल्यावर

शिकत असताना यावर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. शोरूममध्ये उभं राहून गाडीचा रिव्ह्यू कोण करतं? आता पुण्याजवळच्या एका बारा मजली बिल्डिंगवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून 16 महिने झालेत, नऊ स्लॅब अंगावर घेतलेत, तेव्हा बोलायला हरकत नाही.

घेतली कशी, तर सीईटीत कॉम्प्युटरपुरते मार्क पडले नाहीत आणि कॅपच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या, दुसऱ्या राउंडला सिव्हिल लागलं. "सिव्हिल कधी मरत नाही," काका म्हणाले. सिव्हिल घेणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. सिव्हिल मरत नाही हे खरं, पण सिव्हिलवाला जगतो कसा हे काका सांगत नाहीत. माझा पहिला पगार हातात 18,000, सुट्टी रविवारी दुपारनंतर, आणि रविवारी स्लॅब असेल तर तीही नाही.

पहिला झटका ऑटो लेव्हलने, म्हणजे उंची-सखलपणा मोजायच्या दुर्बिणीने दिला. सर्व्हेइंगला मला 80 च्या वर मार्क आहेत. पण कॉलेजात आठ जणांत एक यंत्र, त्यात माझ्या वाट्याला कायम स्टाफ, म्हणजे समोरची उभी मोजपट्टी, धरायचं काम. साइटवर पहिल्याच आठवड्यात ट्रायपॉड उभा करून बुडबुडा मधे आणायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात मुकादमाने पाण्याच्या नळीने लेव्हल काढून खुणा मारूनही टाकल्या. ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे पुस्तकात एका ओळीत होतं. त्या ओळीचा अर्थ मला क्रश सँडच्या डंपरवाल्याने शिकवला. हौदाची लांबी-रुंदी-उंची मोजायला लावली आणि वर विचारलं, "साहेब, कॉलेजात काय करत होता?"

तरी डिग्री वाया गेली असं मी म्हणणार नाही, आणि त्याला एक बाल्कनी कारण आहे.

पाचव्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी स्टील तपासत फिरत होतो. बाल्कनीपाशी आलो तर सळयांची वरची जाळी खाली दबलेली. काँक्रीट पंपाची पाइपलाइन तिच्यावरूनच नेलेली, पोरं दिवसभर त्यावरून ये-जा करत होती, आणि खाली चेअर, म्हणजे जाळी वर उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे पाय, जवळजवळ नव्हत्याच. स्लॅबची जाडी 150 मिलिमीटर. वरून 20 चं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सोडलं तर 10 च्या सळईचा मध्य तळापासून 125 वर यायला हवा. टेप लावला, 75 भरले. फिटर म्हणाला, "साब, गिन लो. एक भी कम नहीं." मोजल्या, खरंच एकही कमी नव्हती. अंतरही ड्रॉइंगप्रमाणे. बिलात सगळ्या बिनबोभाट बसल्या असत्या. चुकली होती ती उंची. आमची बाल्कनी फक्त एका बाजूने धरलेली, ती खाली वाकू पाहते, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि सळई वरच लागते. ती 50 मिलिमीटर खाली गेली की बाल्कनीची ताकद निदान चाळीस टक्क्यांनी गेली.

हे समजायला मला कोड उघडावा लागला नाही. अशा एका बाजूने धरलेल्या कॅन्टिलिव्हरचा बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे वाकवणारा जोर कुठे किती हे दाखवणारी आकृती, दुसऱ्या वर्षात इतक्या वेळा काढलाय, आणि दर वेळी "हे कशाला" म्हणतच काढलाय. पण फिटरला डायग्राम कसा दाखवणार? तिथे एक झिजलेली स्लीपर पडली होती. ती टाचेकडून धरली आणि पुढचं टोक खाली दाबलं. वरच्या बाजूच्या भेगा उघडल्या. त्याने स्लीपरकडे पाहिलं, मग जाळीकडे, "समझ गया" म्हणाला आणि 10 च्या तुकड्यांच्या चेअर वाकवायला बसला. रात्री अकरा वाजले. सकाळी स्लॅब दोन तास उशिरा सुरू झाला, आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या गेटबाहेर खोळंबल्या, आणि प्रोजेक्ट मॅनेजरांनी मला सगळ्यांसमोर झाडलं. सळई नीट केली म्हणून नाही, तपासणी दुपारीच का केली नाही म्हणून. बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हा माझ्या वापरात रोज येतं ते असं: स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, काँक्रीट, एस्टिमेटिंग, थोडी माती. सळईचं वजन काढायचा व्यासाचा वर्ग भागिले 162 हा हिशोब तर आता झोपेतही येतो. मॅथ्स-3 एकदाही लागलं नाही. आणि काही गोष्टी पुस्तकात आहेत तशाच साइटवर आहेत, पण त्यांचा वास वेगळा. क्यूबचा, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, 28 दिवसांचा निकाल परीक्षेत लिहायला सोपा असतो. इथे तो निकाल हातात येईपर्यंत वरचा मजला भरून झालेला असतो, म्हणून सगळ्यांचा जीव 7 दिवसांच्या निकालात अडकलेला.

आमच्या बॅचचं सांगायचं तर बरेच जण चौथ्या वर्षातच आयटीत गेले, त्यांच्या पगाराबद्दल मी विचारत नाही. एक रूममेट स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ईटॅब्स या सॉफ्टवेअरवर इमारतींची मॉडेलं करतो. एसी आहे, पगार माझ्याहून कमी आहे, पण मान मोडून पाच-सात वर्षं काढली तर त्यात पुढे जागा आहे असं त्याला वाटतं आणि मलाही पटतं. एक मैत्रीण क्वांटिटी सर्व्हेइंगला, म्हणजे कामाची मापं आणि बिलं तपासायला, गेली. सगळ्यांत नीट निवड तिची, कारण ठेकेदाराचं बिल कापता येणारा माणूस कुठल्याही कंपनीला हवा असतो. दुसरा रूममेट सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून आहे. एमपीएससीची स्थापत्य सेवा नाहीतर जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता, जे आधी मिळेल ते. जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही आणि मेसचं बिल दर महिन्याला येतं. पुण्यात 1854 साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तोच मुळी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं मिळावीत म्हणून. अभ्यासिकेतली गर्दी बघितली की वाटतं, हेतू अजून तोच आहे.

डिप्लोमावाल्यांना कमी लेखू नका. माझा सीनिअर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून आलाय. लाइनआऊट देताना, म्हणजे भिंती-कॉलमच्या जागा जमिनीवर आखताना, त्याच्या दोरीपुढे माझं टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र अजून लाजतं. फरक पडतो तो पुढे, प्रमोशनच्या वेळी, आणि तोही सगळीकडे नाही.

घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी. कॉलेज बघताना प्लेसमेंटचा बोर्ड नंतर वाचा, आधी सर्व्हेच्या लॅबमध्ये किती यंत्रं आहेत ते विचारा. आणि दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच एखाद्या साइटवर फुकट का होईना, उभे राहा. मी सर्टिफिकेटपुरती इंटर्नशिप केली, तेही बहुतेक दिवस पोर्टाकेबिनच्या पंख्याखाली, आणि त्याची फेड पहिले सहा महिने केली.

आत्तेभाऊ यंदा बारावीला आहे, सिव्हिल घेऊ का म्हणून विचारत होता. म्हटलं, आधी एका स्लॅबला ये. आला. धूळ, पंपाचा आवाज, दुपारी दोनला जेवण, सगळं बघितलं. साडेसातला आत्याचा फोन आला तसा निघाला. गेटपर्यंत गेला आणि परत फिरून विचारलं, "दादा, त्या बाल्कनीत सळई वरच का बांधली?" आवाजात काही ऐकू जाईना. मी पायातला बूट दाखवून म्हटलं, घरी जाऊन चप्पल वाकवून बघ.